जड धातू, घटक सातवा

मांजर गोल गोल फिरायला लागलं तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले. धाकटीही हसली. भट्टीच्या शेडमध्ये उबेला झोपणारं ते करडं मांजर अंगणात यायचं, कुणीतरी शेपटी ओढल्यासारखं स्वतःभोवती फिरायचं, धडपडायचं आणि उठून परत फिरायला लागायचं.

"कुठेतरी ढोसून आलंय," भाऊजी म्हणाले, आणि चार वर्षांच्या भिंगरीने टाळ्या पिटत मांजराबरोबर फेर धरला.

आठवड्याभरात ते मागच्या भिंतीशी ताठ होऊन पडलेलं सापडलं. भाऊजींनी फावड्यावर उचलून ते कुठेतरी टाकून दिलं. चहा झाला, जो तो आपापल्या कामाला लागला. धाकटी मात्र दवाखान्याच्या वाटेवर सारखी मागे वळून बघत होती. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घर दोन भावांचं. थोरल्यांना ती भाऊजी म्हणायची. त्यांची बायको म्हणजे तिच्या जाऊबाई, आणि भिंगरी ही त्या दोघांची उशिरा झालेली, नवसासायासांनी वाढवलेली एकुलती एक पोर. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. धाकट्या भावाची बायको म्हणून हिचं नाव धाकटी पडलं. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने "धाकटे, जरा पाणी दे गं" म्हणून हाक मारली होती. सासू गेली, हाक राहिली.

घराच्या मागे, हाताच्या अंतरावर, पत्र्याची शेड होती. तिथे जुन्या, मेलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या यायच्या. धाकटीचा नवरा टेम्पो घेऊन गावोगावच्या गॅरेजमधून त्या गोळा करून आणायचा. भाऊजी आणि दोन कामगार त्या फोडायचे, आतलं ॲसिड गटारात ओतायचे, प्लेटा काढून भट्टीत वितळवायचे आणि शिशाच्या राखाडी विटा पाडायचे. संध्याकाळी भट्टी पेटली की घरभर आंबट वास पसरायचा आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव यायची. पाहुणे नाक मुरडायचे. घरच्यांना तो वास येईनासा झाला होता.

भाऊजी माणूस दिलदार. बोलणं तिखट, हात सढळ. धाकटीने अर्धवट सुटलेलं शिक्षण पुन्हा धरायचं ठरवलं तेव्हा नवरा नुसता "बघ बुवा" म्हणाला. अभ्यासाला टेबल भाऊजींनीच भंगारातून आणलं आणि त्याचा लंगडा पाय स्वतः ठोकून सरळ केला. खरं तर हे खूळ तिच्या डोक्यात दाताच्या डॉक्टरबाईंनी घातलं होतं. धाकटी त्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडात दिवा धरायचा, नळीने थुंकी ओढायची, चिमटे उकळायचे.

"पदवी पुरी कर," बाई म्हणायच्या. "जन्मभर दुसऱ्याच्या दाढा बघत बसणारेस का? ते माझं काम आहे."

घरबसल्या शिकता येतील असे विषय फार नव्हते. कामाचे तास सांभाळून जमेल असा पर्यावरणाचा अभ्यासक्रम होता. तो तिने घेतला. ब्राऊन पेपरात गुंडाळलेली पुस्तकं आली तेव्हा घरात जत्रा भरली.

"म्हणजे नेमकं काय शिकणार तू?" भाऊजींनी विचारलं. "कावळे मोजणार?"

"कावळे, चिमण्या, सगळंच."

"मग आधी माझ्या शेडवरचे मोज. एक उतरत नाही हल्ली. हिशोब सोपा जाईल तुला."

सगळे हसले, आणि तीही. पण त्या संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेली तेव्हा तिने शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. खरंच एकही पाखरू नव्हतं. शेजारच्या इमारतींवर होती, तारांवर होती. पत्रा मात्र मोकळा.

अभ्यास तिला जमेल तिथे चालायचा. दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये, बसमध्ये उभ्याने, भाजी चिरता चिरता. पुस्तकाच्या पानांना कांद्याचा वास लागला होता. पहिले घटक नदी, जंगल, हवा असे होते. ते गोष्टीसारखे वाचून झाले. सातव्या घटकावर ती आली ती एका दुपारी, डॉक्टरबाई जेवायला गेल्या असताना. चिमटे उकळत होते, खोलीत वाफ कोंडली होती. घटकाचं नाव होतं ‘जड धातू’.

शिसं माणसाच्या अंगात कसं शिरतं, हे त्यात लिहिलं होतं. धुरातून, धुळीतून, कामावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरून, जमिनीवर रांगणाऱ्या पोराच्या हातावरून तोंडात. पुढे लक्षणं होती. पोटात कळा. बद्धकोष्ठ. चिडकेपणा. मनगटातली ताकद जाणं. रक्त कमी होणं. गर्भ न टिकणं. लहान मुलांत भूक मंदावणं, आलेले शब्द विसरणं, तोल जाणं.

धाकटीला ते पान पुस्तकातलं वाटेना. कुणीतरी खिडकीत उभं राहून त्यांच्या घरात डोकावलं होतं आणि जे दिसलं ते लिहून काढलं होतं, असं तिला वाटलं. भाऊजी पोट दाबून भिंतीला टेकतात आणि मग जो समोर येईल त्याच्यावर खेकसतात. भिंगरीच्या आधी आणि नंतर जाऊबाईंना गेलेले दिवस टिकले नव्हते. तिला स्वतःलाही एकदा दिवस गेले होते, तेही टिकले नव्हते, आणि त्यानंतर काहीच नाही. आणि भिंगरी... भिंगरी परवा चमच्याकडे बोट दाखवून कितीतरी वेळ ‘ते, ते’ करत राहिली होती. दोन वर्षांची असताना ती चमचा म्हणायची.

तिने पुस्तक मिटलं. मनाशी म्हणाली, आजारांची यादी वाचली की सगळेच आजार आपल्याला झालेत असं वाटतं. हे तसंच असणार. मग तिने हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले.

रविवारी एका शाळेत अभ्यासकेंद्र भरायचं. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायची. शिकवणारे सर किडकिडीत, बोलायला सावकाश. तास संपल्यावर ती त्यांच्यापाशी घुटमळली.

"सर, सातव्या घटकातलं एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी बॅटऱ्यांचं काम चालतं..."

सर फळा पुसत होते. त्यांचा हात थांबला. "शेजारी म्हणजे किती जवळ?"

"भिंतीला भिंत."

"तिथे मुलं आहेत?"

"एक आहे. मुलगी."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनी तोंडावर दाखवलं नाही. "बाई, प्रश्न परीक्षेचा असता तर मी उत्तर सांगितलं असतं. त्या मुलीचं रक्त तपासायला सांगा त्यांना. साधी तपासणी आहे, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. आणि वाट बघू नका. हे आपलं आपण बरं होत नाही."

‘त्यांना’ सांगा. बसमध्ये ती तोच एक शब्द घोळवत राहिली. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला? ज्यांनी टेबलाचा पाय ठोकून दिला त्यांना?

सांगायचा धीर काही तिला झाला नाही. तिने दुसरंच आरंभलं. केरसुणी बाजूला ठेवून ओल्या फडक्याने फरशी पुसायला लागली. शेडवरून आलेले कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला लागली. भिंगरीची खेळणी रोज धुवायची, तिची नखं कापायची. मागच्या दारात पायपुसणं टाकलं आणि भाऊजींना हसत हसत म्हणाली, "शेडचे कपडे तिथेच बदलून आलात तर माझं धुणं कमी होईल हो."

"आता घरात शिरायला परवानगी काढावी लागणार का?" भाऊजीही हसतच म्हणाले. पण कपडे बदलून आले नाहीत. आले ते थेट, आणि भिंगरीने धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारली. रोजच मारायची. त्यांच्या विजारीवर पिवळट भुकटी असायची. ती तिच्या गालाला लागायची, आणि गाल ती हाताने पुसायची, आणि हात... धाकटी तिथून उठून आत गेली. हे आजवर आपण रोज बघत होतो आणि आपल्याला ते गोड वाटत होतं.

दिवस जात होते तशी भिंगरी मंदावत होती. आधी तिला धरून बसवावं लागायचं, आता ती बसलेली असायची. उंबऱ्यात, भिंतीला पाठ लावून. भिंतीचा पोपडा नखाने उकरायची. जाऊबाई सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "किती शहाणी झालीय माझी बाय. अजिबात त्रास नाही आता."

त्याच सुमाराला भाऊजींची दाढ ठणकायला लागली. त्यांना दवाखान्यात धाकटीनेच नेलं. खुर्चीत बसतानाही त्यांचं तोंड चालूच होतं. "डॉक्टरबाई, दाढ काढा, पण आमच्या धाकटीला परत पाठवा. ही तुमच्याकडे राहिली तर आम्हाला घरात चहा कोण देणार?"

"आधी आ करा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

धाकटीने दिवा धरला. बाईंनी आरशाने ओठ वर सारला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेने, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. वर आणि खालीही. धाकटीने आजवर शेकडो हिरड्या पाहिल्या होत्या. अशी रेघ कधी पाहिली नव्हती, आणि तरी तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"बॅटऱ्यांचं. शिसं पाडतो."

"किती दिवस?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

बाईंनी आरसा खाली ठेवला, मास्क काढला. त्या कधी मास्क काढून बोलायच्या नाहीत. "दाढेचं आपण बघू. त्याआधी रक्त तपासून घ्या. शिसं अंगात भिनलंय तुमच्या. आणि घरातल्या सगळ्यांचं तपासा. लहान मूल आहे ना घरात?"

भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यातला जीव गेला होता. त्यांनी खुर्चीतूनच मान वळवून धाकटीकडे पाहिलं. तिने दिवा बंद केला.

परतताना ते पुढे पुढे चालत होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबले.

"तू सांगितलंस तिला, की आमच्यात लहान मूल आहे?"

"त्यांना ठाऊक आहे, भाऊजी. मी त्यांच्याकडे किती वर्षं..."

"अजून काय काय ठाऊक आहे त्यांना?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "ऐक, धाकटे. माझ्या बापाने हेच केलं, मी हेच करतोय. या शेडवर दोन चुली पेटतात, त्यातली एक तुझी आहे. शिक, खुशाल शिक, मी अडवलं का कधी? पण ते पुस्तकातलं पुस्तकात ठेव. घरातलं घरात राहू दे."

रक्त कुणी तपासलं नाही. दाढ दुसरीकडे जाऊन काढली गेली.

नवरा टेम्पो घेऊन परत आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता ऐकत होता. "दादाला मी काय सांगू?" तो म्हणाला. "लहानाचा मोठा केलाय त्याने मला. आणि इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही ते आताच होणारे?"

"झालंय. आपल्यालाही झालंय." तिने पोटाकडे हात नेला.

त्याने बूट परत पायात घातले. मग उठून टेम्पो धुवायला गेला. नुकताच धुतलेला होता.

राहिल्या जाऊबाई. एका सकाळी दोघी गच्चीवर धुणं वाळत घालत होत्या. धाकटीने मनाचा हिय्या केला. "ताई, भिंगरीला एकदा डॉक्टरांकडे नेऊया का? नुसतं दाखवायला. ती हल्ली बोलत नाही पहिल्यासारखी."

जाऊबाईंनी हातातलं ओलं धोतर पिळता पिळता सोडलं. "काय झालंय माझ्या पोरीला?"

"काही झालं नसेलही. पण रक्तात शिसं..."

"म्हणजे मी तिला विष घालते? तिचा बाप घालतो?"

"तसं नाही हो ताई..."

"तसंच. तुझ्या त्या पुस्तकांनी डोकं फिरवलंय तुझं." जाऊबाईंचे डोळे भरून आले होते आणि आवाज धारदार झाला होता. "तुला पोर नाही म्हणून माझ्या पोरीत खोट काढतेस. काढ. पण तिच्या अंगाला हात लावू नकोस यापुढे."

त्यानंतर घरात दोन घरं झाली. भिंगरीला धाकटीच्या खोलीत यायला मज्जाव झाला. खरं तर तिला अडवावंही लागत नव्हतं. काकू दिसली की ती किंचित हसायची आणि बसल्या जागी बसून राहायची. संध्याकाळी भट्टी पेटायची. धाकटी खिडक्या लावून घ्यायची आणि काचेतून बघत राहायची. एका संध्याकाळी तिला दिसलं की भाऊजींच्या हातातून पळी निसटली. त्यांनी ती उचलली, परत निसटली. मग त्यांनी डावा हात उजव्या मनगटाखाली धरला आणि तसेच उभे राहिले. कामगारांनी दुसरीकडे माना वळवल्या.

ज्या दिवशी ते व्हायचं होतं तो सुट्टीचा दिवस होता. ऊन लख्ख होतं. धाकटी टेबलाशी बसून स्वाध्याय लिहीत होती, जाऊबाई अंगणात धान्य निवडत होत्या, भिंगरी त्यांच्या शेजारी. आधी सूप पडल्याचा आवाज आला. मग जाऊबाईंची किंकाळी. धाकटी धावली. भिंगरी जमिनीवर होती, डोळे पांढरे, दात घट्ट मिटलेले, आणि ते एवढंसं शरीर कुणीतरी धरून गदगदा हलवल्यासारखं थरथरत होतं. ओठांच्या कडेला फेस.

"कुशीवर करा! ताई, कुशीवर करा तिला, तोंडात काही घालू नका!" दवाखान्यात शिकलेलं तिच्या तोंडून आपोआप निघालं. जाऊबाईंनी ऐकलं. शेडमधून भाऊजी धावत आले आणि अंगणाच्या मधोमध खिळल्यासारखे उभे राहिले. झटका ओसरला, थांबला, आणि टेम्पोपर्यंत नेईस्तोवर पुन्हा सुरू झाला.

रुग्णालयात पोरीला आत नेलं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि भराभर विचारायला लागल्या. ताप होता का? पडली होती का? घरात कुणाला फिट येते का? काही विषारी पोटात गेलं असेल का? उंदराचं औषध, रॉकेल, काही?

"नाही," भाऊजी म्हणाले.

"घरात किंवा आसपास कसलं काम चालतं? रंगाचं, धातूचं?"

जाऊबाई भिंतीकडे बघत होत्या. नवरा खाली मान घालून होता. भाऊजींनी सावकाश धाकटीकडे पाहिलं. आणि त्या नजरेत धमकी होती की विनवणी, ते तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. कदाचित दोन्ही होतं.

"घरामागे भट्टी आहे," धाकटी म्हणाली. "बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. आमचीच आहे. कितीतरी वर्षांपासून."

डॉक्टरीणबाई वळल्या आणि आत पळाल्या. डॉक्टर असा पळाला की काय ते समजतं.

भिंगरी वाचली. कितीतरी दिवस तिला सलाईन लावून औषधं दिली, रक्तातलं शिसं लघवीवाटे काढलं. सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. आकडे सांगताना डॉक्टरांनी भाऊजींना बसायला सांगितलं. धाकटीचाही आकडा चांगला नव्हता. "तुम्हाला मूल हवं असेल तर आधी त्या घरातून निघा," ते म्हणाले. आणि पोरीबद्दल म्हणाले, "रक्तातलं कमी होईल. हाडांत गेलंय ते वर्षानुवर्षं राहतं. आणि डोक्याचं जे नुकसान झालं असेल ते किती, हे ती मोठी होईल तसं कळेल. तिला पुन्हा त्या घरात नेऊ नका. एक दिवससुद्धा नाही."

कपडे, गाद्या, खेळणी सगळं तिथेच टाकून त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाऊजींनी भट्टी बंद केली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, बायकोसमोर, पोरीच्या कपाळावर हात ठेवून ते म्हणाले होते, "संपलं ते." उजवा हात मनगटातून लोंबत होता, तो उचलून ठेवायला त्यांना डाव्या हाताची मदत घ्यावी लागली होती. धाकटीने तो शब्द खरा मानला. त्या शब्दाच्या बळावर तिने पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि ती पास झाली. नव्या वर्षाची पुस्तकं आली. भाऊजींनी या वेळी चेष्टा केली नाही. ते दिवसभर बाहेर असायचे, काम शोधतोय म्हणायचे.

टेम्पो भाजीची वाहतूक करतो असं नवरा सांगत होता. एक दिवस ती त्याला डबा द्यायला रस्त्यावर गेली, आणि मागची फळी उघडी होती. फळीच्या फटीत पिवळट भुकटी साचलेली होती. तिने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि पदराला पुसायच्या आधी थांबली.

"कुठे?" तिने विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले, मग सांगितलं. कालव्यापलीकडे. पत्र्याची रिकामी शेड मिळाली. दादाने दोन माणसं ठेवली आहेत, तो स्वतः फक्त देखरेख करतो.

"भिंगरीचं एवढं बघून?"

"भिंगरी तिथे नाही ना." तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "अगं, तिथे आपलं कुणीच राहत नाही."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाशेजारी ती इतकी वर्षं झोपत होती तो हे बोलत होता, सरळ चेहऱ्याने, आणि तिचं मन दुखवायचं नाही म्हणून जपून बोलत होता.

"मग कुणाचं राहतं?" ती म्हणाली.

तो टेम्पोत चढला.

घरी आल्यावर तिने जाऊबाईंना सांगितलं. गच्चीवरच्या त्या दिवसानंतर दोघी कामापुरत्या बोलत होत्या. जाऊबाई भिंगरीला भरवत होत्या. घास तिच्या तोंडात द्यायचा, ‘चाव’ म्हणायचं, वाट बघायची. पोर चावायचं विसरून जायची. धाकटी बोलली तेवढा वेळ जाऊबाईंनी मान वर केली नाही. मग त्यांनी पोरीचं तोंड पुसलं, तिला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या.

"चल. जागा दाखव."

"ताई, आपण आधी सरांना विचारू. ते म्हणतात, प्रदूषणाच्या कार्यालयात तक्रार..."

"ते तू कर. तुला येतं ते." जाऊबाई दारात उभ्या होत्या. "मला जे येतं ते मी करते."

कालव्यापलीकडे चाळीसारखी घरांची रांग होती आणि रांगेच्या पाठीला पाठ लावून शेड. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. धूर नुकताच निघायला लागला होता. तो वर न जाता पत्र्यावरून घसरून त्या दोरीवर उतरत होता. एक बाई दारात बसून बाळाला न्हाऊ घालत होती. दोन-तीन पोरी मातीत घर बांधत होत्या.

शेडच्या दारात भाऊजी होते. बायकोला बघून ते दोन पावलं पुढे आले. "तू इथे कशाला? पोरीला घेऊन? घरी जा आधी!"

"तुम्ही सांगता यांना," जाऊबाई म्हणाल्या, "का मी सांगू?"

"काय सांगायचं? हळू बोल, लोक बघतात."

"बघू देत."

जाऊबाईंनी थोडी वाट पाहिली. भाऊजी लोंबता हात दुसऱ्या हाताने धरून उभे होते. जाऊबाई वळल्या आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कडेवरच्या भिंगरीची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली होती.

"बाई, बाळ आत घ्या," त्या म्हणाल्या. "ही माझी मुलगी. पाच वर्षांची आहे. हिच्याकडे बघा, आणि मग मी काय सांगते ते ऐका."

एकेक दार उघडत गेलं. त्या संध्याकाळी बायकांनी भट्टीवर बादल्या ओतायला घेतल्या, तेव्हा धाकटी ओरडली, तापल्या शिशावर पाणी नको, फुटून अंगावर येईल! मग त्यांनी माती लोटली. पुढे सरांच्या ओळखीने तक्रार झाली, कार्यालयाची माणसं आली आणि शेडला सील लागलं. भाऊजी त्याआधीच निघून गेले होते. ते कुठे गेले हे भावालाही कळलं नाही, किंवा कळलं असलं तर त्याने सांगितलं नाही. धाकटी आणि तिच्या नवऱ्यात तेव्हापासून काहीतरी तुटलं ते सांधलं गेलं नाही. एका घरात राहिले एवढंच. टेम्पो विकला गेला. जाऊबाई एका शिवणकामाच्या कारखान्यात लागल्या. भिंगरी शाळेत जाते. तिच्याहून लहान मुलांबरोबर बसते, आणि वर्गातल्या बाई म्हणतात, पोर फार शांत आहे.

धाकटीचं दुसरं वर्षही पार पडलं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, दवाखान्यात असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला.

"धाकटे?"

तिने आवाज ओळखला. थकला होता, पण तोच. "भाऊजी! कुठे आहात तुम्ही?"

"भिंगरी बोलते का गं आता?"

"बोलते. हळूहळू बोलते. तुमचं नाव विचारलं तर सांगते."

पलीकडे घण पडत होता, बॅटऱ्या फोडताना पडायचा तसा. आणि त्या आवाजात, अगदी जवळून, एका लहान मुलाचा आवाज. ते कुणालातरी खेळायला बोलावत होतं, खिदळत होतं.

"भाऊजी," तिने विचारलं, "ते मूल कुणाचं आहे?"

फोन बंद झाला. खुर्चीत पेशंट आ वासून बसला होता, डॉक्टरबाई दिव्यासाठी थांबल्या होत्या. धाकटीने तोच नंबर पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली.